शेजारच्या फाउंड्रीला दार किती उघडायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी उभी केलेली ग्रे आयर्नची फाउंड्री (ओतीव लोखंडाचा कारखाना), महिन्याला साधारण 120 टन कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला माल. आजूबाजूला तसलाच माल करणारे पाच-सहा जण. त्यातल्या काहींनी मिळून वाळू रिक्लेमेशन प्लँट (वापरलेली वाळू साफ करून पुन्हा कामाची करणारा) आणि टेस्टिंग लॅब काढायचं ठरवलंय आणि तुम्हाला पाच लाखांचा हिस्सा घ्या म्हणतायत. त्यातच शेजाऱ्याची फर्नेस बंद पडलीय आणि आठवडाभर माझा माल तुमच्याकडं ओतून द्या म्हणून तो मागं लागलाय. वडील म्हणतात, ‘आज आत घेतलं की उद्या आपलं गिऱ्हाईक घेऊन जाणार.’ तुम्हाला वडिलांचंही पटतं आणि शेजाऱ्याची अडचणही दिसते.

मी याच धंद्यात केस पांढरे केलेत, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या गटात बसून काम करणं हा त्यातला मोठा भाग राहिलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा खरा प्रश्न ‘सहकार्य करू की नको’ हा नाहीच. शेजाऱ्याला काय दाखवायचं, काय दाखवायचं नाही, आणि दाखवलं तर बदल्यात काय मिळवायचं, हा प्रश्न आहे. वडिलांची भीती खोटी नाही, पण ती सगळ्या गोष्टींवर सारखीच पसरलीय. ती चार-पाच गोष्टींपुरती ठेवली की बाकीचं दार बिनघोर उघडता येतं.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग सांगतो. शेजारी आणि तुम्ही एकाच कंपनीला, तोच पार्ट पुरवत असाल, म्हणजे खरेदी विभागानं तुम्हा दोघांना पहिला आणि दुसरा सोर्स म्हणून ठेवलं असेल, तर हात आखडताच ठेवा. तिथं तुमचा तोटा हाच त्याचा फायदा असतो. पण त्याची गिऱ्हाइकं पंपवाली आणि तुमची ट्रॅक्टरवाली असतील, तर तुम्ही नावालाच प्रतिस्पर्धी. वाळू तीच, भट्टी तीच, साचे भरणारे मोल्डर त्याच गावांतले, पण गिऱ्हाईक वेगळं. माझ्या पाहण्यात बहुतेक छोट्या फाउंड्रींचं असंच असतं. एक कागद घ्या, शेजारच्या पाच जणांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा की गेल्या दोन वर्षांत त्याच्यामुळं तुमची नेमकी कुठली ऑर्डर गेली. बहुतेक नावांपुढं काही लिहायला सुचणार नाही. वडिलांनाही हा कागद दाखवा.

आता गुपिताबद्दल. फाउंड्रीत खरोखर जपायच्या गोष्टी मोजक्या. किलोचा रेट आणि तो कसा बसवलाय ते. गिऱ्हाइकाचं शेड्यूल. त्याचं ड्रॉइंग, कारण ते तुमच्या मालकीचं नसतंच. आणि हातात आलेली पण अजून ऑर्डर न झालेली नवी चौकशी. एखाद्या अवघड पार्टचं गेटिंग (साच्यात मेटल जायच्या वाटा) तुम्ही सहा महिने झटून बसवलं असेल तर तेही यात घाला. बाकी राहतं ते वाळूतला ओलावा, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) किती, भट्टीचं आतलं लायनिंग किती हीट (वितळवायच्या खेपा) टिकतं, टनाला किती युनिट लागतात, कुठला दोष किती टक्के येतो. हे गुपित म्हणून ठेवता येत नाही. तुमचा मोल्डर दिवाळीनंतर शेजारी कामाला जातो, शेजारचा मेल्टर तुमच्याकडं येतो. बेंटोनाइटवाला, इनॉक्युलंटवाला, लायनिंग मासवाला हे सगळे आठवड्यात दहा फाउंड्री फिरतात आणि चहा पिता पिता सगळं सांगतात. म्हणजे माहिती बाहेर जातेच, फक्त अर्धवट जाते, आणि तुम्हाला बदल्यात काही मिळत नाही.

कोल्हापूरला तर हे नवीन सांगायला नको. उद्यमनगरात ऑईल इंजिनं बनायची ती एका छताखाली नव्हे. एकाकडं पॅटर्न (ज्यावरून साचा घडवतात तो नमुना), दुसऱ्याकडं कास्टिंग, तिसऱ्याकडं मशीनिंग, आणि तिघंही प्रसंगी एकमेकांच्या कामात उतरायचे. मिस्त्री एका मालकाकडं शिकून गल्लीच्या टोकाला स्वतःचं शेड टाकायचा आणि जुन्या मालकाचंच जॉबवर्क करायचा. कारखान्यांची ही दाटी कुणा एकाच्या गुपितावर वाढलेली नाही.

प्रतिस्पर्ध्याकडून शिकायला नेमकं काय मिळतं, याचं एक उदाहरण सविस्तर देतो, कारण सगळं मर्म त्यात आहे.

आमच्या गटातल्या एका फाउंड्रीत पिनहोल (मालातली बारीक छिद्रं) आणि वाळू चिकटण्याचं रिजेक्शन काही केल्या उतरत नव्हतं. बेंटोनाइटवाल्यानं सांगितलं, बेंटोनाइट वाढवा. कोल डस्टवाल्यानं सांगितलं, कोल डस्ट वाढवा. गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्यानं आठ रकान्यांचा फॉर्म दिला आणि ‘मूळ कारण’ लिहून मागितलं. दोघं विकणारे, एक मागणारा. त्यातल्या कुणीच स्वतः कधी बॉक्स (साच्याची पेटी) भरलेला नव्हता. शेवटी गटातले आम्ही चार मालक एका संध्याकाळी त्यांच्या शेडमध्ये गेलो. त्यातल्या एकाचा सुपरवायझर सोबत आला होता. त्यानं रिजेक्शनच्या ढिगाकडं बघितलंसुद्धा नाही. तो थेट मिक्सरपाशी गेला आणि पट्ट्यावरून येणारी परतीची वाळू मुठीत धरली. ती त्याला लगेच सोडावी लागली, एवढी गरम होती. ‘रिजेक्शन कुठल्या वेळचं आहे?’ त्यानं विचारलं. कुणालाच सांगता येईना, कारण रजिस्टरमध्ये तारीख होती, तास नव्हता. मग पुढचे काही दिवस प्रत्येक बॉक्सवर खडूनं तास लिहायला सांगितलं. चित्र स्वच्छ दिसलं. पाळीच्या पहिल्या दोन तासांत माल ठीक. जसजशी पाळी पुढं जाईल तसतसं रिजेक्शन चढत जायचं, आणि शेवटच्या दोन तासांत सगळ्यात जास्त.

कारण साधं होतं. उत्पादन वाढवताना त्यांनी मोल्डिंगची मशीन वाढवली होती, पण फिरती वाळू तेवढीच ठेवली होती. त्यामुळं तीच वाळू लवकर लवकर फिरून यायची, थंड व्हायला वेळच मिळायचा नाही. गरम वाळूत मिक्सरमध्ये टाकलेलं पाणी टिकत नाही. मोल्डिंगपर्यंत जाता जाता उडतं. थंड पॅटर्नवर तिची वाफ धरते आणि वाळू पॅटर्नला चिकटते. ऑपरेटरला वाळू कोरडी वाटते म्हणून तो आणखी पाणी मारतो, आणि ते जादा पाणी मग मेटल ओतल्यावर गॅस होऊन बाहेर पडतं. बेंटोनाइट वाढवून यातलं काहीच सुटत नव्हतं. उलट जळलेली, मेलेली क्ले (बेंटोनाइटची माती) वाळूत साठत होती. एकूण क्ले भरपूर आणि कामाची क्ले कमी, अशी अवस्था. हे मिथिलीन ब्लू टेस्टमध्ये कळतं, पण ती टेस्ट त्यांच्याकडं होतच नव्हती.

त्या सुपरवायझरला हे कुठून माहीत? त्याच्या फाउंड्रीनं चार वर्षं आधी तेच भोगलं होतं. फिरत्या वाळूचं प्रमाण वाढवणं आणि परतीच्या पट्ट्यावर कूलर बसवणं, हा उपाय त्यांनी पैसे घालवून शोधला होता. तो त्यानं फुकट सांगितला. आता वडिलांचा प्रश्न इथं लावा: त्यात त्याच्या मालकाचं काय गेलं? गिऱ्हाईक गेलं नाही. उलट त्याच संध्याकाळी त्यानं यांच्याकडं कोअर शॉपमध्ये शेल कोअर (मालात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे, रेझिनच्या वाळूचे गाभे) रचायचे रॅक बघितले. त्याच्याकडं कोअर हाताळताना फुटायचे. दुसऱ्या आठवड्यात तसेच रॅक त्यानं करून घेतले.

यातून मला जे कळलंय ते असं, की विकणारा त्याच्या मालापुरतं सांगतो, गिऱ्हाईक त्याच्या गरजेपुरतं विचारतो, सल्लागार त्याच्या फीपुरता थांबतो. तुमच्या शेडमध्ये उभं राहून, काही न विचारता, कुठं बघायचं हे ज्याला कळतं तो माणूस फक्त प्रतिस्पर्धीच असतो. ही नजर पैशानं मिळत नाही. देवाणघेवाणीनंच मिळते.

आकड्यात बघायचं तर तुमच्याच फाउंड्रीचं घ्या. 120 टनांवर 8 टक्के रिजेक्शन म्हणजे महिन्याला जवळपास साडेनऊ टन. ते 5 वर आलं तर साडेतीन टनांच्या वर वाचतं. एक टन लोखंड इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवायला साधारण 600 युनिट धरा, म्हणजे नुसती वितळवायची वीजच दोन हजार युनिटांच्या पुढं गेली. आणि रायझर-रनर (साच्यात मेटल पोचवणारे, नंतर तोडून टाकायचे भाग) धरून तुम्ही चांगल्या मालापेक्षा बरंच जास्त मेटल वितळवता, त्यामुळं खरा आकडा त्याहून मोठा. त्यावर मोल्डिंग, कोअर, फेटलिंगची (माल घासून साफ करायची) मजुरी. आणि दोष गिऱ्हाइकाकडं मशीनिंगनंतर उघडा पडला तर डेबिट नोटमध्ये मशीनिंगचा खर्चही तुमच्याच माथी. शेजाऱ्याशी न बोलण्याची किंमत दर महिन्याला अशी जाते, आणि ती कुठल्याच बिलावर लिहिलेली नसते.

मग करायचं कसं? प्लँटपासून सुरुवात करू नका. पाच-सहा जणांच्या गटापासून करा. महिन्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या फाउंड्रीत, आधी तासभर शेडमधून फेरी आणि मग बोलणं. ऑफिसात बसून झालेल्या बैठकीत सगळ्यांचं सगळं चांगलंच चाललेलं असतं. शेडमध्ये तसं बोलता येत नाही. मालकासोबत एक सुपरवायझर हवाच, कारण कामातलं खरं तोच बघतो आणि तोच अमलात आणतो. आणि एक अट कडक ठेवा: ज्याला स्वतःची फाउंड्री दाखवायची नाही, त्यानं दुसऱ्याची बघायची नाही. फक्त घ्यायला येणारा एक माणूस गटात असला तर तिसऱ्या बैठकीपासून सगळे तोंड मिटतात. हे मी होताना पाहिलंय, आणि एकदा मिटलेली तोंडं पुन्हा उघडायला फार काळ जातो.

आकडे ठेवायचे तर आधी व्याख्या ठरवा, हा माझा आग्रह आहे. टनाला किती युनिट, असं विचारलं की एक जण 580 सांगतो, दुसरा 1,100. पहिला हुशार आणि दुसरा ढ, असं वाटतं. प्रत्यक्षात पहिला फक्त फर्नेसचा मीटर आणि वितळलेलं मेटल धरत असतो, तर दुसरा अख्ख्या फाउंड्रीचं वीजबिल आणि डिस्पॅच झालेला चांगला माल. रिजेक्शनचंही तेच. कुणी फक्त स्वतःच्या तपासणीत काढलेलं धरतो, कुणी गिऱ्हाइकाकडून परत आलेलंही. टक्का वजनावर की नगावर? ओतलेल्या महिन्याचा की परत आलेल्या महिन्याचा? पहिल्या दोन बैठका यातच जातील. जाऊ द्या. या भांडणातून प्रत्येकाला स्वतःच्या फाउंड्रीचा खरा आकडा पहिल्यांदा कळतो. आणि तुमच्याकडं दोषवार, तासवार रजिस्टर नसेल तर गटात जाण्याआधी महिनाभर ते लिहायला लागा. ज्याच्याकडं स्वतःचा आकडा नाही, त्याला दुसऱ्याच्या आकड्याचा उपयोग होत नाही.

गिऱ्हाइकाचे पैसे येतात का, हा विषयही गटात निघेल आणि निघावा. एमएसएमई विकास कायदा, 2006 प्रमाणं लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. आर्थिक वर्ष 2023-24 पासून ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी आयकरात वजा मिळतो. गटातल्या चर्चेत फक्त घडलेलं सांगा: अमुक बिल अमुक दिवसांनी आलं. ‘तो बुडव्या आहे’ असं नको. आणि त्याला माल द्यायचा की नाही, हे प्रत्येकानं आपापलं ठरवावं. सगळ्यांनी मिळून एखाद्याला माल बंद करायचा ठराव करू नका.

इथं कायद्याची रेष येते. ती छोट्या उद्योजकांना कुणी सांगत नाही म्हणून मी ठासून सांगतो. स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 प्रमाणं प्रतिस्पर्ध्यांनी मिळून विक्रीचा दर ठरवणं, गिऱ्हाइकं वा इलाखे वाटून घेणं, पुरवठा मिळून आवळणं, टेंडर आपसात ठरवून भरणं हे सगळं बेकायदा आहे. लेखी नसलं, नुसतं तोंडी असलं तरीही. भारतीय स्पर्धा आयोग कार्टेलच्या प्रकरणात त्या काळातल्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यात जे जास्त असेल तिथपर्यंत दंड लावू शकतो. आम्ही लहान आहोत, असं म्हणून सुटका होत नाही. दंड संघटनांनाही होतो. म्हणून पिग आयर्न चढलं की ‘आपण सगळे मिळून किलोला चार रुपये वाढवू’ असं बैठकीत कुणी बोललं तर तिथंच थांबवा, नाही थांबलं तर उठा, आणि आपण उठून गेलो हे इतिवृत्तात लिहून घ्या. त्याचा वैध मार्ग आहे: प्रत्येकानं आपापल्या गिऱ्हाइकाशी करार करताना पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या प्रसिद्ध होणाऱ्या भावाशी रेट जोडणारं कलम घालून घ्यायचं. असं कलम कसं मागायचं, हे एकमेकांना शिकवायला हरकत नाही. कितीला मागायचं, हे मात्र ज्याचं त्यानं. सामायिक लॅब, सामायिक प्लँट, एकत्र खरेदी यांनी काम खरंच स्वस्त आणि चांगलं होत असेल तर कायदा आड येत नाही. एकत्र येऊन उभारलेल्या अशा प्रकल्पांसाठी त्याच कलमात वाट ठेवलेली आहे.

एकत्र खरेदीबद्दल एवढंच: दर एकत्र ठरवा, बिलं वेगळी घ्या. बेंटोनाइट, फेरोसिलिकॉन, रॅमिंग मास (लायनिंगचा मसाला) यांसारखा, ज्याची प्रत नीट लिहिता येते असा माल आधी घ्या. पुरवठादारानं प्रत्येकाला स्वतंत्र बिल द्यावं, पैसेही प्रत्येकानं थेट द्यावेत. एकाच्या नावावर माल आणून वाटला की एकाचे पैसे अडकतात आणि गट फुटतो. स्क्रॅप एकत्र घेण्याच्या भरीला सुरुवातीला पडू नका. त्याच्या प्रतीवरून आणि वजनावरून वाद होणारच.

आता शेजाऱ्याची बंद फर्नेस. माझं उत्तर, मदत करा, पण रीतसर. पहिली गोष्ट त्याच्या गिऱ्हाइकाची परवानगी. गाड्यांचा माल असेल तर मेटल कुठं वितळलं हा बदल फोर-एम चेंजमध्ये (माणूस, मशीन, माल, पद्धत यांतला गिऱ्हाइकाला कळवायचा बदल) येतो. गिऱ्हाइकाला न सांगता केलं आणि पुढं पार्ट फुटला तर दोघंही अडकाल. परवानगी त्यानं मागावी, ईमेलवर, आणि तुम्हाला प्रत द्यावी. दुसरी, 1,400 अंशांच्या आसपासचं मेटल लॅडलमध्ये घेऊन वसाहतीच्या रस्त्यानं त्याच्या शेडपर्यंत न्यायला अजिबात कबूल होऊ नका, तो कितीही जवळ असला तरी. पॅटर्न आणि कोअर तुमच्याकडं येऊ देत, मोल्डिंग आणि ओतणं तुमच्या शेडमध्येच होऊ दे. तिसरी, सगळं जॉबवर्कच्या चलनावर. त्याचा पिग आयर्न-स्क्रॅप वजन करून आत, मेल्टिंग लॉस (वितळताना होणारी घट) किती धरायचा ते आधी लिहून, प्रत्येक हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (मेटलमधल्या घटकांचा) आणि टेस्ट बार (ताकद तपासायचा तुकडा) त्याच्या हवाली. पॅटर्नचा फोटो काढायचा नाही, आणि त्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला तर बोलायचं नाही, तो नंबर शेजाऱ्याकडं द्यायचा. तुमच्या सुपरवायझरलाही हे सांगून ठेवा. चौथी, वेळ. तुमच्या ऑर्डरी मागं पडणार नाहीत एवढीच पाळी द्या, आणि ती किती ते आधीच सांगा. अर्धवट आश्वासन देऊन दोघांचाही माल उशिरा गेला तर उपकार राहिले बाजूला, वैर येतं.

फर्नेस कधी ना कधी सगळ्यांची बंद पडते. कॉइल गळतं, लायनिंग जातं, ट्रान्सफॉर्मर उडतो. तेव्हा शेजारी तुमच्यासाठी उभा राहील की नाही, हे आत्ताच्या या आठवड्यात ठरतंय. वडिलांना हेही सांगा, की अडचणीतल्या शेजाऱ्याचं काम चोख करून दिलेला माणूस म्हणून तुमचं नाव त्याच्या गिऱ्हाइकापर्यंत त्याच ईमेलवरून पोचणार आहे. ते गिऱ्हाईक तुम्ही ओढायचं नाही. पण उद्या त्याला शेजाऱ्याच्या क्षमतेबाहेरचं काम द्यायचं असेल तर तो कुणाला विचारेल?

कामगारांबद्दल एक इशारा. गटात कधीतरी ‘एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत’ असा ठराव येईल. माझा त्याला विरोध आहे. मोल्डरला चांगली मजुरी मिळायची वाट त्यानं बंद होते, आणि असा ठराव कायद्याच्याही कचाट्यात सापडू शकतो. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मेल्टर आणि फेटलरचं प्रशिक्षण घ्या, भट्टीपाशी झालेले अपघात न लपवता गटात सांगा. ओल्या स्क्रॅपनं फर्नेसमध्ये स्फोट कसा झाला, हे एका फाउंड्रीतून दुसऱ्या फाउंड्रीत त्याच दिवशी पोचलं पाहिजे. यात स्पर्धा आणूच नका. माणसं भाजतात.

राहिला पाच लाखांचा हिस्सा. वाळूचा प्रश्न खरा आहे. कासार्डे-फोंडा भागातली सिलिका वाळू घाट चढून येते, आणि वापरून झालेली टाकायची कुठं, हा दुसरा प्रश्न. एकट्या 120 टनांच्या फाउंड्रीला स्वतःचा रिक्लेमेशन प्लँट परवडत नाही, म्हणूनच कोल्हापुरात फाउंड्री क्लस्टर झालं तेव्हा सामायिक वाळू रिक्लेमेशन हा त्याचा मोठा भाग होता. सरकारी पैसाही मिळतो: केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग क्लस्टर योजनेत 2022 च्या सुधारणेनंतर 5 ते 10 कोटींच्या सामायिक सुविधा केंद्राला 70 टक्के, 10 ते 30 कोटींच्या केंद्राला 60 टक्के अनुदान आहे. पण अनुदान यंत्राला मिळतं. प्लँट चालवायचा पैसा सभासदांच्या वाळूतून यावा लागतो, आणि बहुतेक सामायिक प्लँट नेमके तिथं अडकतात: यंत्र झळकतं, वाळू येत नाही.

म्हणून हिस्सा घेण्याआधी त्यांना हे विचारा. प्रत्येक सभासदानं महिन्याला किमान किती टन वाळू पाठवायची हे लिहून दिलंय का, आणि नाही पाठवली तरी ठरलेली रक्कम भरायची का? ग्रीन सँड (बेंटोनाइट आणि पाणी घातलेली साच्याची वाळू) आणि शेल कोअरची वाळू वेगळी घेणार का? शेलच्या वाळूवरचं रेझिन तापवून जाळता येतं. ग्रीन सँडमधली क्ले दाण्यावर भाजून बसलेली असते, ती घासून काढावी लागते. दोन्ही एकत्र केल्या तर परत मिळणारी वाळू कोअरच्या कामाची राहत नाही. परत दिलेल्या प्रत्येक लॉटसोबत दाण्याचा नंबर, क्ले आणि लॉस ऑन इग्निशनचा (जाळल्यावर किती वजन घटतं त्याचा) रिपोर्ट देणार का? मॅनेजर बाहेरचा पगारी माणूस असणार की सभासदांपैकीच कुणाचा भाचा? आणि लॅबचे रिपोर्ट कोण बघणार? तुमच्या गिऱ्हाइकाच्या पार्टचा टेन्साइल (ताणाच्या ताकदीचा) रिपोर्ट दुसऱ्या सभासदाच्या टेबलावर जाता कामा नये. नमुन्यावर नावाऐवजी कोड नंबर हवा आणि कोडची वही मॅनेजरच्या कुलपात.

वडिलांना पटायला साखर कारखान्यांकडं बोट दाखवा. दर हंगामात हेच कारखाने हद्दीवरच्या उसासाठी एकमेकांशी भिडतात. तरी 1975 पासून पुण्याजवळच्या मांजरीला त्यांची सामायिक संशोधन संस्था उभी आहे, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, आणि तिच्यासाठी ते गाळपाच्या टनावर वर्गणी देतात. मुंबईच्या कापड गिरण्या बाजारात एकमेकींच्या उरावर बसलेल्या असताना 1954 मध्ये त्यांनीही घाटकोपरला बीटीआरए (बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन) ही सामायिक संशोधन संस्था काढली. उसाच्या जातीवर आणि सुताच्या ताकदीवर एकत्र, उसावर आणि कापडाच्या गिऱ्हाइकावर वेगळे. तुमच्या वाळूला हेच लागू.

वरच्या प्रश्नांपैकी किमान वाळूची हमी आणि रिपोर्टची गुप्तता, या दोन्हींचं लेखी उत्तर मिळालं तर पाच लाख घाला. नाही मिळालं तर सभासद होऊ नका. बाहेरचा गिऱ्हाईक म्हणून रेट विचारा आणि महिन्याला दोन ट्रक वाळू पाठवून बघा. पुढं सभासद व्हायची वाट उघडी राहील.

आणि पहिल्या फेरीला वडिलांना सोबत न्या. ऑफिसात नको, शेजाऱ्याच्या फेटलिंगच्या अंगणात न्या. तुमच्या वडिलांसारख्या माणसाला दुसऱ्याच्या रिजेक्शनच्या ढिगापाशी उभं केलं की पाच मिनिटांत ते त्यातला एक नग उचलून बोलायला लागतील. तुम्ही मध्ये पडू नका, फक्त वही घेऊन जा.